तळ्यांचे वाशीम : दोन दिवसांची कौटुंबिक सहल

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की पश्चिम विदर्भातील कुटुंबांचे पाय चिखलदऱ्याकडे वळतात. १११८ मीटर उंची, धुके, भीमकुंड, शक्कर तलावातील नौकाविहार हे सारे तेथे आहेच. पण पावसाळ्यात तेथे गर्दीही तितकीच असते आणि वयोवृद्ध मंडळी सोबत असली तर घाटरस्त्याचा त्रास वेगळा. त्याच वऱ्हाडातील वाशीमचे नाव मात्र सहलीच्या यादीत क्वचितच येते. वाशीम म्हणजे जिल्ह्याचे ठिकाण, कचेऱ्या आणि सोयाबीन-तुरीची बाजारपेठ, एवढीच त्याची ओळख उरली आहे. वस्तुतः हे शहर अजिंठ्याच्या डोंगररांगांतून पसरलेल्या पठारावर, सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आणि तळ्यांच्या काठी वसलेले आहे. डोंगरमाथ्यावरील गावाला तळी का लागली, हे समजून घेत फिरले तर दोन दिवस अपुरे पडतात.

अकोल्याहून पातूरमार्गे निघाले की घाट लागतो आणि गाडी मैदान सोडून पठारावर चढते. अकोल्याची उंची जेमतेम २८० मीटर असल्याने हवेतील फरक लगेच जाणवतो. या पठाराचे खरे वैशिष्ट्य मात्र उंची नसून पाण्याची वाटणी हे आहे. वाशीम तालुक्यातील काटा गावाजवळ उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते. तिचे पाणी तापीतून अरबी समुद्राला जाते. याच जिल्ह्यात उगम पावणाऱ्या अडाण आणि अरुणावती आग्नेयेकडे वाहतात. बुलढाण्याकडून येणारी पैनगंगाही जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पुढे जाते. हे सारे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला मिळते. नद्या येथे जन्मतात. मोठ्या होतात त्या दुसऱ्यांच्या अंगणात. काटेपूर्णेवरील महान येथील धरण अकोला शहराची तहान भागवते, ते याच माथ्यावरून उतरलेल्या पाण्याने.

माथ्यावरचे पाणी थांबत नाही आणि काळ्या मातीखालचा बेसाल्ट खडक पाणी फारसे साठवून ठेवत नाही. अशा ठिकाणी वस्ती टिकवायची तर तळे बांधण्यावाचून उपाय नसतो. वाशीमच्या परंपरेत १०८ तीर्थांचा उल्लेख येतो. आख्यायिकेनुसार वत्स ऋषींच्या तपश्चर्येच्या वेळी देवांचा समुदाय, म्हणजे ‘गुल्म’, येथे जमला आणि गावाचे नाव वत्सगुल्म पडले. त्या देवांनी निरनिराळी तीर्थे निर्माण केली. त्यांपैकी पद्मतीर्थ विष्णूने निर्मिले, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी शेकड्याने तीर्थे मोजणारे गाव पाण्याला किती जपत असेल, याचा अंदाज येतो.

सहलीचा पहिला दिवस शहरालाच द्यावा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी पद्मतीर्थावर जावे. तेथून बालाजी मंदिर गाठावे. हे मंदिर साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७९ मध्ये बांधले. मंदिरालगतचा दगडी बांधणीचा देवतलाव हा त्याच बांधकामाचा भाग मानला जातो. प्रशस्त प्रांगण, दगडी खांब आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या यांमुळे मुलांना येथे मोकळेपणा मिळतो. मात्र पायऱ्या निसरड्या असतात, त्यामुळे लहानांचा हात सोडू नये. मध्यमेश्वराचे मंदिर आकाराने लहान असले तरी त्यामागील कल्पना मोठी आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांना जोडणारी मध्यरेषा मानली जाई. ती वत्सगुल्मावरून जाते, या समजुतीतून हे नाव आले. आजच्या नकाशावर वाशीम उज्जैनच्या जवळपास सव्वा अंश पूर्वेला पडते. भूगोल शिकणाऱ्या मुलांना येथेच नकाशा उघडून दाखवावा. जुन्यांचा अंदाज कोठे चुकला यापेक्षा तो इतका जवळ कसा आला, याचेच नवल वाटते.

या शहराचा खरा मोठेपणा जमिनीवर फारसा दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकात येथे स्वतंत्र शाखेची राजधानी केली. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा राजा तोच. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथे मिळाला आणि ही शाखा प्रथमच इतिहासाच्या उजेडात आली. त्यातील वंशावळ संस्कृतात, तर दानाचा मजकूर प्राकृतात आहे. याच घराण्यातील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. अजिंठ्याला गर्दी करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ते वैभव ज्या राजधानीचे होते तिचे नाव ठाऊक असते? राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्माला मदनाची क्रीडाभूमी म्हटले असून, काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह तेथेच लावला आहे. हजार वर्षांपूर्वी कवींनी विवाहासाठी निवडलेले हे नगर आज सुट्टीच्या दिवशी पर्यटकांविना असते, हे काहीसे विचित्रच आहे. राजवाडे, तट, वेशी यांचे अवशेष पाहायला मिळतील या अपेक्षेने गेल्यास निराशा होईल. त्या काळाशी आजही डोळ्यांनी जोडता येण्याजोगे काही असेल, तर ती तळ्यांची परंपरा.

म्हणूनच या तळ्यांची आजची स्थिती मनाला लागते. नळाचे पाणी घरात आल्यावर तळ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वाशीम शहराची तहान आता एकबुर्जी प्रकल्पावर भागते. ज्या पाण्यावर आपले पिणे अवलंबून नाही, त्यात निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या आणि रंगवलेल्या मूर्ती टाकताना हात अडखळत नाही. राज्यातील बहुतेक गावतळ्यांची हीच कथा आहे. मूर्तिविसर्जनासाठी स्वतंत्र कुंडे करावीत, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये दिली आणि २०२० मध्ये सुधारली. त्यांचे पालन कितपत होते, हे उत्सवानंतरच्या आठवड्यात तळ्याकाठी उभे राहिले की कळते. त्याच वेळी गाळाने आणि कोरड्या वर्षांनी मोठे जलाशय आटू लागले की नगरांना पुन्हा जुन्या विहिरी-तळ्यांची आठवण होते. पाणलोटाच्या माथ्यावरील शहराला ही चैन परवडणारी नाही.

दुसऱ्या दिवसासाठी दोन दिशा आहेत आणि त्यांपैकी एकच निवडावी. दोन्ही एका दिवसात उरकण्याचा उत्साह मुलांना आणि वृद्धांना दमवतो.

पश्चिमेला रिसोडमार्गे लोणार. ते बुलढाणा जिल्ह्यात असले तरी वाशीमहून साधारण दोन तासांत पोहोचता येते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून तळाशी खारट आणि तीव्र अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण असल्याचे सांगितले. त्याच वर्षी या सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. ज्येष्ठांनी काठावरून सरोवर पाहावे, गोमुखाची धार आणि गावातील दैत्यसूदन मंदिराचे शिल्पकाम पाहावे. विवरात उतरणे त्यांच्यासाठी नाही. परतीची चढण तरुणांनाही दम लावते.

ईशान्येला कारंजा (लाड). येथेही कथेच्या मुळाशी पाणीच आहे. व्याधिग्रस्त करंज ऋषींसाठी देवीने तलाव निर्माण केला आणि त्यात स्नान करून ते बरे झाले, असे सांगतात; तोच ऋषितलाव. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून येथील गुरुमंदिरात राज्यभरातून दत्तभक्त येतात. जैनांची जुनी मंदिरे आणि दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ या नावांच्या वेशी एकेकाळच्या व्यापारी समृद्धीची साक्ष देतात. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी कारंजा लुटले ते याच संपत्तीमुळे. ज्यांना वन्यजीवांची आवड आहे त्यांनी जवळचे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य पहाटे गाठावे. वाटेत वेळ उरला तर मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पाहता येईल. तेथे २०२४ मध्ये बंजारा वारशाचे संग्रहालय उभे राहिले आहे.

अकोल्याहून येणाऱ्यांना मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन वाटेवरच थोडे आत पडते. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती दोन पंथांतील वादामुळे १९८१ पासून दर्शनासाठी बंद होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ती खुली झाली.

सहलीसाठी सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. तेव्हा तळी भरलेली असतात, तुरीची शेते पिवळ्या फुलांनी डवरलेली असतात आणि उन्हाचा तडाखा नसतो. एप्रिल-मेमध्ये येथे येण्याचा विचारही करू नये. अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८ मध्ये रुंद झाल्यापासून रेल्वेने येणे सोपे झाले आहे. अकोल्याहून रस्त्याने अंतर सुमारे ८० किलोमीटर असून एसटी बस मिळतात. लोणार आणि कारंजासाठी स्वतंत्र वाहन केलेले बरे. निवासाची सोय साधी आहे, पंचतारांकित अपेक्षा ठेवू नयेत. थंडीत एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांचे आमंत्रण मिळाले, तर दुसऱ्या दिवसाचा सारा कार्यक्रम खुशाल पुढे ढकलावा.