भिंतीवरचा गोवा

आजचा भाग सुरू होतो माझ्या घरातल्या एका फ्रेमपासून.

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन गोव्याचा एक जुना नकाशा घेतला. पिवळट कागद, मांडवीत गलबतं, टेकड्यांवर चर्च, दाटीवाटीची घरं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, 'अस्सल, चारशे वर्षांपूर्वीचा'. किंमत माझ्या महिन्याच्या भाड्याएवढी. आई म्हणाली, "एवढ्यात फ्रीज आला असता रे." मी ऐकलं नाही. सोफ्याच्या वर, खिडकीसमोर तो टांगला आणि आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात दाखवू लागलो.

हा नकाशा मुळात आला कुठून? यान हायखेन व्हान लिन्सखोतेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्यात आला. पोर्तुगीज आर्चबिशपचा सचिव म्हणून. पाच-सहा वर्षं राहिला, आणि डोळे-कान उघडे ठेवून राहिला. पोर्तुगीज आपले सागरी मार्ग जिवापाड जपायचे. या पठ्ठ्याने ती माहिती जमवली आणि घरी परतून छापून टाकली. १५९६ साली आम्सटरडॅममध्ये त्याचं 'इतिनेरारियो' हे प्रवासवर्णन आलं. गोव्याचा हा नकाशा त्यातलाच. तो कोरला बाप्टिस्टा व्हान डुटेकम या कारागिराने. १५९५ साली पूर्वेकडे निघालेल्या पहिल्या डच ताफ्याला लिन्सखोतेनची माहिती उपयोगी पडली. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पुढे डच जहाजांनी गोव्याची अनेकदा नाकेबंदी केली. म्हणजे बघा, आज जे आपल्याला शोभेचं चित्र वाटतं, ते तेव्हा फुटलेलं गुपित होतं.

आता 'कोरला' म्हणजे काय? तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. टोकदार कोरणीने त्यावर प्रत्येक रेघ, प्रत्येक अक्षर खोदायचं, आणि तेही आरशात दिसतं तसं उलटं! मग पत्र्यावर शाई फासायची आणि पृष्ठभाग पुसून घ्यायचा. शाई फक्त खोदलेल्या रेघांत उरते. वर ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून जोरात दाबून काढायचा. कागद खाचेत शिरतो, शाई उचलतो. रंग छापलेला नसायचाच, तो नंतर कुंचल्याने हाताने भरायचे. तांब्यावर कोरणं आपल्याला नवं नाही, आपले ताम्रपट आहेतच. पण ताम्रपट एकच असतो, आणि या पत्र्यावरून शेकडो प्रती निघायच्या. आपल्याकडेही १८०५ साली मिरजेत भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली होती.

बरं, नकाशे भिंतीवर लावायची हौस इन्स्टाग्रामवाल्यांची आहे असं वाटत असेल, तर थांबा. सतराव्या शतकातल्या डच घरांत हे सर्रास चालायचं. व्हर्मीरची चित्रं बघा. सैनिक आणि हसऱ्या मुलीच्या चित्रात मागच्या भिंतीवर हॉलंडचा मोठा नकाशा आहे. तो काल्पनिक नाही, १६२० सालचा आहे. अनेक तुकडे छापून, कापडावर चिकटवून, वर-खाली काठ्या लावून असे नकाशे टांगायचे. 'आमचा देश, आमचा व्यापार' असं पाहुण्यांना न बोलता सांगायची ती पद्धत.

पण या भिंतींवरच्या नकाशांचं पुढे काय झालं? बहुतेक संपले. ऊन, धूर, दमट हवा. कागद तडकला, रंग उडाले, फाटले की फेकून दिले. त्यातले फार थोडे आज शिल्लक आहेत. मग टिकले कुठले? जे पुस्तकात मिटून राहिले ते. १५७० साली अँटवर्पमध्ये ऑर्टेलियसने एकाच मापाच्या नकाशांचं पुस्तक काढलं, त्याला पहिला आधुनिक ॲटलास म्हणतात. १६६२ पासून ब्लाऊ घराण्याचा लॅटिन 'ॲटलास माइओर' आला, अकरा खंडांचा, जवळपास सहाशे नकाशांचा. अंधारात, पुठ्ठ्यांच्या आत हे नकाशे सुखरूप राहिले.

आणि आपण काय केलं? तीच पुस्तकं फाडली. अख्खा ॲटलास विकत घेणारे थोडे, पण एकेक पान फ्रेम करून विकलं तर गिऱ्हाईकच गिऱ्हाईक. जुन्या नकाशाच्या मधोमध उभी घडी दिसली किंवा मागे मजकूर छापलेला असला, तर बहुधा तो कुठल्यातरी पुस्तकातून सुटलेला असतो. हे कायदेशीर असू शकतं, पण पुस्तक कायमचं जातं.

आणि कधी कधी सरळ चोरी होते. जून २००५. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जमिनीवर एक धारदार पातं सापडलं. संशय गेला फोर्ब्स स्मायली या नावाजलेल्या नकाशा-विक्रेत्यावर. त्याच्याकडे नकाशे सापडले. पुढे त्याने वेगवेगळ्या ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. विश्वासाने पुस्तक हातात देणाऱ्या ग्रंथपालांना काय वाटलं असेल?

हे सगळं वाचल्यावर माझी झोप उडाली. माझा गोवा कुठल्या पुस्तकातून कापलेला असेल? छपाईतल्या एका मित्राला बोलावलं. तो म्हणाला, "फ्रेम उघड, मोबाइलचा कॅमेरा काढ, झूम कर." झूम केलं तर रेघांच्या जागी बारीक रंगीत ठिपके! कोरीव छपाईत रेघ सलग असते, बोटाला किंचित उठलेली लागते आणि भोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ऑफसेटची कॉपी. फसलो होतो!

खोटं सांगत नाही, आधी राग आला, आणि मग हायसं वाटलं. माझ्या भिंतीसाठी कुठलंही पुस्तक मेलं नव्हतं.

ती कॉपी अजून तिथेच आहे. फक्त आता पाहुण्यांना मी 'अस्सल' म्हणत नाही, लिन्सखोतेनची गोष्ट सांगतो. तुम्हालाही असा नकाशा हवा असेल तर डेव्हिड रम्सी संग्रहासारख्या ठिकाणी हजारो जुने नकाशे मोठ्या आकारात फुकट बघता येतात. वापराचे नियम वाचा, चांगल्या कागदावर प्रिंट काढा, बिनधास्त उन्हात टांगा. आणि अस्सल घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला आधी विचारा, 'हा आला कुठून?' उत्तर देताना तो चाचरला, तर सरळ फ्रीज घ्या. आईचं ऐका.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!