स्थानशोध (व्यवसायसूचीतील)

स्थानशोध : संकेतस्थळावरील व्यवसायसूचीत आपल्या जवळचे दुकान वा कारागीर शोधण्याची सोय. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश जोडतात आणि ग्राहकाच्या ठिकाणापासूनचे अंतर मोजून यादी लावतात.

सोपे वाटते, भाटघरला मात्र हे गणित फसते. वेळवंडी नदीवरच्या तिथल्या ब्रिटिशकालीन धरणाचा जलाशय (येसाजी कंक जलाशय) भोर तालुक्यात दूरवर पसरला आहे. समोरच्या काठावरचा पंक्चरवाला सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर, पण टायर घेऊन जायचे तर पाण्याला वळसा घालावा लागतो. अशा मुलखात सरळ रेषेतल्या त्रिज्येऐवजी रस्त्याचे अंतरच धरावे. त्रिज्या ठेवायचीच, तर या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०६ किमी आणि एक अंश अक्षांश सुमारे १११ किमी भरतो, हेही ध्यानात घ्यावे.

पिनकोडवरूनही शोध घेता येतो. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेली ही पद्धत टपालवाटपासाठी होती. भोरच्या ४१२२०६ या एकाच क्रमांकात अनेक गावे येतात. त्यामुळे गावाचे नाव स्वतंत्र रकान्यात हवे.

नावेही बदलतात : भोरशेजारच्या वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. सूचीत दोन्ही नावे एकाच जागेला जोडावीत. जुन्या पाट्या इतक्यात उतरत नाहीत.