घरचा संगणक आणि परक्यांच्या फायली



शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगत असें. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असते, तशी शेवटींहि एक लहान मुद्रा असते. मजकूर येथें संपला, यापुढें कोणीं अक्षर वाढविल्यास तें खोटें, असा तिचा अर्थ. पत्र लांब असलें म्हणजे कागदाचे बंद एकास एक चिकटवीत आणि पाठीमागें त्या जोडांवरहि शिक्के उठवीत. म्हणजे मधला बंद काढून दुसरा घुसडण्यास वाव राहात नसे. वर नांव कोणाचें आहे एवढ्यावर त्या काळचा कारकून भुलत नसे. आम्ही एकविसाव्या शतकांतील माणसें मात्र नांवावरच भुललों. संगणकावरील फायलींच्या देवघेवीचा तो इतिहास आज सांगावयाचा आहे, आणि त्यांत माझ्या घरच्या नुकसानीचेंहि एक पान आहे.

फायलीबरोबर रोग येतो ही गोष्ट जुनीच आहे. १९८६ सालीं लाहोर येथील अल्वी बंधूंनीं 'ब्रेन' नांवाचा व्हायरस केला. तो फ्लॉपीच्या चकतीवरून हिंडे. गंमत अशी कीं, त्यांनीं त्यांत आपलीं नांवें, पत्ता आणि टेलिफोनचा नंबर नमूद केला होता! आपल्या प्रोग्रॅमच्या चोरट्या नकला करणारांस आळा बसावा, एवढाच हेतु होता असें त्यांचें म्हणणें. परंतु चकती हातोहात न्यावी लागे. त्यामुळें रोगाची चाल माणसाच्या पावलांहून फारशी जलद नव्हती.

जून १९९९ मध्यें शॉन फॅनिंग या अमेरिकन तरुणाचा 'नॅप्स्टर' सुरू झाला आणि पावलांची जरूरी संपली. कोणाच्या संगणकावर कोणतें गाणें आहे याची सूची मध्यवर्ती यंत्रावर राही. गाणें मात्र एका घरांतून थेट दुसऱ्या घरांत जाई. खटले झाले आणि जुलै २००१ मध्यें तें दुकान मिटलें. तत्पूर्वींच, मार्च २००० मध्यें, 'नुटेला' निघाला होता. त्यास मध्यवर्ती सूचीहि नको. एकानें दुसऱ्यास विचारावें, दुसऱ्यानें तिसऱ्यास. ही रीत फसवणुकीस किती सोईची, हें फेब्रुवारी २००१ मध्यें 'मँड्रागोर' नांवाच्या किड्यानें दाखविलें. आपण कांहींहि मागा, भजन मागा कीं शब्दकोश मागा, बाधलेला संगणक तत्काळ उत्तर देई कीं त्याच नांवाची फाइल आपणाजवळ आहे! फक्त तिला 'ईएक्सई' हें शेपूट असे, आणि तिचा आकार अवघा ८,१९२ बाइट. एका गाण्याची फाइल त्या काळीं सुमारें तीस-चाळीस लक्ष बाइटांची असे. ज्यानें शेपूट आणि वजन पाहिलें तो वांचला.

या शेपटाचें महत्त्व घरोघर समजणें अवश्य आहे. 'एमपीथ्री' शेपटाची फाइल ऐकावयाची असते. 'ईएक्सई' ही मात्र संगणकास दिलेली आज्ञाच. ती उघडणें म्हणजे परक्याच्या हुकुमावर सही करणें. दुर्दैवानें विंडोज परिचित शेपटें मुळांतच झांकून ठेवतें. ४ मे २००० रोजीं जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या ई-मेलच्या किड्यानें हीच फट साधली होती. फाइल साध्या मजकुराची भासे. पुढचें 'व्हीबीएस' हें खरें शेपूट झांकलेलें असे. शेपटें दाखविण्याची सोय फोल्डरच्या मांडणींत आहे. ती आपण होऊन चालू करावी लागते, आणि बहुतेक घरांत ती कोणीं केलेली नसते.

वजनाची कसोटीहि फार दिवस टिकली नाहीं. 'काझा' हा प्रोग्रॅम २००१ सालीं निघाला. मे २००२ मध्यें त्यावर 'बेंजामिन' हा किडा आला. तो आपल्या अंगांत निरर्थक भरताड भरून वजन वाढवी आणि सिनेमांची व गाण्यांची नांवें धारण करी. फाइल उघडली कीं ती बिघडली असल्याची खोटी सूचना दिसे. माणूस 'नशीब!' म्हणून उठून जाई, आणि मागें किडा स्वतःच्या असंख्य नकला करीत बसे. खुद्द 'काझा'बरोबर वऱ्हाडांत घुसलेल्या आगंतुकांप्रमाणें जाहिरातींचे प्रोग्रॅम येत, तें वेगळेंच. आपल्या संगणकांतील नेमकें काय जगास खुलें केलें आहे, हें 'काझा' वापरणारांस कळतें काय, असें दोघां संशोधकांनीं २००२ सालीं तपासलें. बारा जणांपैकीं दोघांसच तें बरोबर सांगतां आलें. बाकीच्यांनीं गाण्यांच्या कपाटाबरोबर पत्रांची पेटीहि उघडी टाकली असती.

आतां माझें पान. २००४ सालीं माझ्या पुतण्यानें एक जुनें नाट्यपद शोधून आणलें. तें वाजलें नाहीं. पडदा क्षणभर काळा झाला, इतकेंच. चार दिवसांनीं संगणक सुरूच होईना. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थानें कांहीं न विचारतां डिस्क कोरी केली. गांवोगांव पायीं हिंडून वृद्धांकडून ऐकलेल्या शेतांच्या, पाणवठ्यांच्या आणि वाटांच्या जुन्या नांवांची माझी टिपणें तीवर होतीं. हस्तलिखित वह्या मीं आदल्याच वर्षीं रद्दींत घातल्या होत्या. टंकून झालें, आतां काय करावयाच्या म्हणून! पुतण्या लहान होता. त्यास मीं बोललों नाहीं.

पुढें ब्रॅम कोहेन यांची 'बिटटॉरेंट' ही २००१ सालची पद्धति रूढ झाली. तींत फाइल तुकड्यातुकड्यांनीं अनेकांकडून येते आणि प्रत्येक तुकड्याचा गणितानें काढलेला ठसा ताडून पाहिला जातो. जोडांवरच्या शिक्क्यांची मला येथें आठवण होते. मधला बंद बदलतां येत नाहीं. परंतु मूळ पत्रच लबाडानें लिहिलें असेल तर शिक्के काय करणार? लिनक्ससारख्या मुक्त प्रणाली त्यांचे कर्तेच या मार्गानें वांटतात. तेथें शिक्क्यास अर्थ आहे. निनावी माणसानें फुकट देऊं केलेल्या महागड्या प्रोग्रॅमला तो नाहीं, आणि तो घेणें कायद्यासहि धरून नाहीं.

मूळ दुकानहि कधीं फुटतें. मार्च २०१६ मध्यें 'ट्रान्समिशन' या नांवाजलेल्या टॉरेंट प्रोग्रॅमच्या अधिकृत संकेतस्थळावरच चोरांनीं बाधित प्रत ठेवली. 'कीरेंजर' हा किडा तींतून ॲपलच्या मॅक संगणकांत शिरे, तीन दिवस गप्प बसे, मग फायलींना कुलूप घालून एक बिटकॉइन, म्हणजे तेव्हांचे सुमारें चारशें डॉलर, खंडणी मागे. शेपूट, वजन, शिक्का, सारें पाहणारा सावध मनुष्यहि तेथें फसला असता. ज्याच्याजवळ फायलींची दुसरी प्रत होती, त्यास मात्र खंडणीचें भय नव्हतें. ती प्रत संगणकास सदैव जोडलेल्या डिस्कवर असून चालत नाहीं. किडा तिच्यावरहि जातो.

माझी तशी डिस्क आतां कपाटांत असते, वायर काढलेली. दर रविवारीं सकाळीं पुतण्याच ती जोडतो, नकल उतरवितो आणि परत ठेवतो. तो आतां तिशीपलीकडे गेला आहे. गेलेल्या नांवांपैकीं कांहीं मीं आठवून पुन्हां लिहिलीं. सांगणारीं माणसें हयात नाहींत, आणि नदीपलीकडच्या शिवारांतील एकहि नांव मला आठवलें नाहीं.