लयीची कात्री

कल्याणहून आगगाडीनें पुण्याकडे निघालें आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मागें पडूं लागलें, कीं खिडकीबाहेरील झाडें चाकांच्या ठेक्यावर धांवत आहेत असा भास होतो. वस्तुतः झाडांना ताल कोठला? डोळ्यांना लय पुरविण्याचें काम कान करितात. मराठी बोलपटकारांनीं हें कसें ओळखलें, तें याच लोहमार्गाच्या पुणें टोकास, ‘प्रभात’च्या इतिहासांत पाहावयास मिळतें.

मूकपटाच्या काळीं पेटी-तबलेवाले पडद्याजवळ बसून चित्रामागोमाग वाजवीत. चित्र धनी, वाद्य चाकर. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गाणें चित्रणाच्या वेळींच ध्वनिमुद्रित होई, त्यांत मध्येंच कात्री चालवावी तर सूरच तुटावयाचा. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनें ‘भाग्यचक्र’ बोलपटांत पार्श्वगायन आणलें आणि नातें उलटलें : गाणें आधीं, दृश्य मागाहून. बोलपटाच्या फितीवर फुटास १६ चित्रें असतात व सेकंदास २४ चित्रें पडद्यावरून सरकतात. सेकंदास एक मात्रा धरली, तर त्रितालाचें आवर्तन ३८४ चित्रांचें, म्हणजे बरोबर २४ फुटांचें होतें. समेची जागा आतां गजानें मोजतां येऊं लागली!

मोजतां येते म्हणून प्रत्येक समेवर दृश्य तोडावें काय? तसें करणारा संकलक मात्रेमात्रेला मान डोलावणाऱ्या श्रोत्यासारखा. त्याला ताल कळतो, लय कळत नाहीं. रशियांत आयझेनस्टाइन व प्रोकोफिएव्ह यांनीं १९३८ च्या ‘अलेक्झांडर नेव्हस्की’त कांहीं प्रसंगीं संगीत आधीं रचलें, कांहीं प्रसंगीं चित्र आधीं जुळविलें. दोघांपैकीं कोणीच कायमचा धनी नव्हे.

त्याच्या आदल्या वर्षीं शांतारामबापूंनीं ‘कुंकू’त याहून धाडसाची गोष्ट केली होती. पार्श्वसंगीत त्यांनीं मुळींच घेतलें नाहीं. प्रसंगांतील स्वाभाविक आवाजांवरच भिस्त ठेविली. जरठ-कुमारी विवाहाच्या त्या कथेंत काकासाहेबांचें जुनें घड्याळ वारंवार दिसतें, आणि त्याच्या टोल्यांना कोणत्याही वाद्यमेळाहून अधिक वजन येतें. संगीतकार केशवराव भोळे; १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकाला संगीत देणारे तेच. ‘कुंकू’तील गाण्यांच्या चाली त्यांच्या, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु वाद्यें गप्प असतांनाही प्रसंगाची लय ढळत नाहीं, तिचें श्रेय कोणास द्यावयाचें? संगीतावरील आमच्या लेखांत त्या शांततेविषयीं सहसा एक ओळही नसते.