लयीचा सांधा

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण यांपैकी कोणत्याही स्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या कानांवर दिवसातून अनेकदा दोन शब्द पडतात : धीमी आणि जलद. फलाटावर हे शब्द आगगाडीबरोबर आले. गवयांच्या आणि तबलजींच्या बैठकीत मात्र ते त्यापूर्वीपासून नांदत आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. पुढल्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. कालांतराने रुळांच्या जोड्या वाढल्या, आणि धीम्या व जलद गाड्यांचे मार्ग वेगळे झाले. एका मार्गावरची गाडी दुसऱ्या मार्गावर घ्यावयाची असेल, तर ती वाटेल तेथून वळविता येत नाही. त्यासाठी सांधा लागतो, तो आधी जुळवून ठेवावा लागतो, आणि त्यावरून जाताना वेगही आवरावा लागतो.

गाण्यातील लय बदलण्याची रीत याहून फारशी निराळी नाही. आणि ज्या छोट्या यंत्रावर आज घरच्या घरी तबला एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्या ट्रॅकवर व आवाज तिसऱ्या ट्रॅकवर असे वेगवेगळे मुद्रण होते, त्या मल्टिट्रॅक यंत्रावर तर सांध्यावाचून गतीच नाही. सांधा चुकला की वाद्ये एकमेकांवर आदळतात. हा सांधा पूर्वी कोठे होता आणि आज कोठे आला आहे, हे पाहिल्यास ध्वनिमुद्रणाच्या सव्वाशे वर्षांचा इतिहास एका निराळ्याच बाजूने उलगडतो.

यंत्रापूर्वी हा सांधा माणसांच्या कानांत होता. १९२६ साली कल्याणात गायन समाजाची स्थापना झाली. तेथे देवगंधर्व भास्करबुवा बखले यांच्या स्मरणार्थ महोत्सव होतो. बुवा १९२२ साली निवर्तले. त्यांच्या गाण्याची मुद्रिका मागे राहिलेली नाही. तथापि त्यांची लय नष्ट झाली नाही, कारण ती शिष्यांच्या गळ्यात उतरली होती. त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव, आणि कृष्णरावांकडे शिकलेले राम मराठे. हे रामभाऊ पुढे ठाण्यात स्थायिक झाले. याच ठाण्यात तबल्याचे थोर जाणकार भाई गायतोंडे (१९३२–२०१९) यांचे वास्तव्य होते. गायक रामभाऊ आणि तबलावादक भाई या दोघांनीही जगन्नाथबुवा पुरोहित यांच्यापाशी विद्या घेतली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. आणि भाईंना पुढे ज्या उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे शिष्यत्व लाभले, त्यांनी गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांची साथ केली होती. या परंपरेत लय ही एकट्या तबलजीची मालमत्ता नव्हे, आणि एकट्या गवयाचीही नव्हे. तो दोघांमधील करार असतो. गवई मुखडा जरा ओढून घेतो, तबलजी ते हेरतो, आणि समेवर दोघे नव्या लयीत भेटतात. सम हाच तो सांधा होय.

या करारात पहिला हस्तक्षेप केला तो ग्रामोफोनने. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले, आणि तेथून तबकडीचे युग आपल्याकडे सुरू झाले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. मिनिटास वीस मात्रा अशा विलंबित लयीत एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन छत्तीस सेकंद घेते; म्हणजे तीन मिनिटांत अवघी पाच आवर्तने. एवढ्यात बढत कसली करावयाची? साहजिकच बहुतेक गायक मध्य लयीतून आरंभ करून झटपट द्रुत लयीकडे वळत. शिवाय १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्याने मुद्रण सुरू होईपर्यंत सर्वांना एकाच कर्ण्यासमोर दाटीने बसावे लागे, आणि त्या कर्ण्यात तबल्याचा आवाज अंधुकच उतरे. काळ थोडा, जागा अपुरी. तरीही गायक आणि वादक एकाच खोलीत, एकाच क्षणी, एकमेकांकडे पाहत होते. करार आखडला, पण मोडला नाही.

तबकडीने आणखी एक गोष्ट शिकविली, ती पुढे फार उपयोगी पडली. तबकडी अधिक वेगाने फिरविली की लय वाढते आणि त्याबरोबर स्वरही चढतो. वेग शेकडा सहाच्या सुमारास वाढला, की षड्जाच्या जागी कोमल ऋषभ ऐकू येऊ लागतो. चुंबकीय फितीलाही हाच नियम लागू पडला. याचा अर्थ असा की, एकदा मुद्रित झालेली लय यंत्राचा वेग वाढवून सुधारावयाची म्हटली, तर षड्जात मिळविलेला तबला बेसूर झाल्याशिवाय राहत नाही. लयीचा निर्णय मुद्रणापूर्वीच व्हावयास हवा.

खरा पालट झाला तो मल्टिट्रॅक पद्धतीने. अमेरिकेत गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे १९५७ साली आठ ट्रॅकचे यंत्र आले. एकाच फितीवर आठ समांतर पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर वेगळे वाद्य. तेही वेगवेगळ्या वेळी वाजविलेले. १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने चार ट्रॅकचा ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर चालणारे, टेबलावर मावणारे आणि काखेत मारून नेता येण्याजोगे हे यंत्र होते; त्यात फीत नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरे. १९८२ साली निघालेली ‘नेब्रास्का’ ही ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची गीतमाला अशाच यंत्रावर घरी मुद्रित झाली होती. पुढे फीत गेली, अंकीय यंत्रे आली, आणि त्यांच्या पोटात तालवाद्यांचे तयार बोलही आले. जे काम मोठ्या स्टुडिओत होई, ते डोंबिवलीच्या दोन खोल्यांतही करता येऊ लागले.

परंतु येथे सांधा माणसांच्या कानांतून निसटला. तबला सकाळी मुद्रित व्हावयाचा आणि गायिका संध्याकाळी यावयाची. मग लय कोठे वाढली, हे तिला कोण सांगणार? प्रथम मुद्रित झालेले तालवाद्य जेथे वळेल, तेथे मागाहून येणाऱ्या प्रत्येकास वळणे भाग पडते. यावर सोपा उपाय म्हणून पुष्कळ जण यंत्रातील टिकटिक आरंभापासून अखेरपर्यंत एकाच गतीने लावून ठेवतात. गाणे बिनचूक होते, पण सपाट होते. गणपतीच्या आरतीची लय कोणी न ठरविता वाढत जाते. भजनातला गजर शेवटी उसळतो. १९९९ पासून डोंबिवलीत निघणाऱ्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसारख्या मिरवणुकीत ताशाच्या इशाऱ्याबरोबर ढोलांची सारी रांग वेग बदलते. हे सारे ज्या कानांनी ऐकले, त्यांना एकसुरी टिकटिक रुचावी कशी?

म्हणून लय बदलावयाची कशी, याची काही पथ्ये पाळावी लागतात, आणि ती जुन्या बैठकीतूनच उचललेली आहेत. पहिले पथ्य म्हणजे दुगुन आणि लयवाढ यांत गल्लत न करणे. दुगुनीत मूळ मात्रा जागच्या जागी असते, बोल तेवढे दुप्पट होतात. तेव्हा यंत्राच्या गणतीस हात लावण्याचे कारण नाही. नवशिके येथेच फसतात आणि यंत्राची गती दुप्पट करून आवर्तनांचा हिशेब बिघडवितात.

लय खरोखरच चढवावयाची असेल, तर ती आवर्तनाच्या मध्ये न बदलता समेवर बदलावी, आणि पायरीपायरीने बदलावी. त्रितालात मिनिटास ऐंशी मात्रा असताना सोळा मात्रांचे आवर्तन बारा सेकंदांचे होते. शंभर मात्रा झाल्या म्हणजे ते नऊ सेकंद आणि वर थोडे, एवढेच उरते. हा फरक एकदम केला तर ऐकणारा दचकतो. तोच पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव, शंभर असा चार आवर्तनांत वाटून दिला, तर वाढ कळते पण बोचत नाही. अंकीय यंत्रांपैकी कित्येकांत असा नकाशा आधी लिहून ठेवण्याची सोय असते : अमुक आवर्तनापासून मिनिटास इतक्या मात्रा. नकाशा एकच असल्यामुळे मागाहून येणारे प्रत्येक वाद्य त्याच सांध्यावरून वळते.

विलंबित एकतालातून द्रुत त्रितालात जाणे मात्र याहून निराळे, कारण तेथे लयीबरोबर तालही बदलतो. बैठकीत गायक द्रुत चीजेचा मुखडा उचलतो आणि तबलजी समेवर त्यास येऊन मिळतो. यंत्रावरही हे दोन भाग स्वतंत्रपणे मुद्रित करून मग जोडावेत, आणि मधल्या जागेत तानपुरा अखंड ठेवावा, हेच श्रेयस्कर. तयार झालेल्या मुद्रणाची लय स्वर न हलविता ताणण्याची किंवा आवळण्याची युक्ती अंकीय यंत्रांत आहे खरी. पण ती थोडक्याच फरकापुरती वापरावी. फार ताणले की तबल्याच्या थापेची धार बोथट होते आणि डग्ग्याची घुमारी विस्कटते.

या सर्वांहून मोलाचे पथ्य म्हणजे कच्चे गाणे. तबला मुद्रित होत असताना गायकाने शेजारी बसून गावे, आणि ते गाणे एका ट्रॅकवर ठेवावे. ते निर्दोष असण्याची गरज नाही. काम झाल्यावर ते पुसूनच टाकावयाचे असते. पण त्यामुळे तबलजीला मुखड्याची ओढ ऐकू येते, गायकाचा श्वास कळतो, आणि लय जेथे वळते तेथे वळण्याचे कारण दोघांनाही ठाऊक असते. पुसल्या गेलेल्या त्या ट्रॅकवर जुना करारच लिहिलेला असतो.

ठाणे-कल्याणच्या घरांत आज मुले मोबाइलमधल्या तबल्यावर रियाज करतात. त्यात गैर काही नाही. तो तबला थकत नाही आणि मात्रा चुकवीत नाही. तथापि गाणारा दमला, खुलला किंवा एखाद्या स्वरावर रेंगाळला, हे त्यास कळत नाही. जो विद्यार्थी त्याच्याशीच गातो, तो चालत्या लयीत टिकतो, पण लय बदलली की गोंधळतो. त्यावर औषध जुनेच आहे : आठवड्यातून एकदा तरी जिवंत तबल्यासमोर बसणे. रुळांवरचा सांधा जुळविण्यास यंत्रे आली, तरी कोणती गाडी कोणत्या मार्गावर घ्यावयाची, हे माणसेच ठरवितात. लयीच्या सांध्याचेही तसेच आहे. तो यंत्रावर लिहून ठेवता येतो. जुळवावा लागतो तो दोन माणसांनी, एकमेकांकडे पाहून, समेच्या आधी.