गिरणगावातील फिकट माता

परळच्या हाफकिन संस्थेची जुनी वास्तू मूळची येशूसंघीय धर्मगुरूंची. अठराव्या शतकात इंग्रजांनी ती ताब्यात घेऊन तेथे गव्हर्नरचे निवासस्थान केले आणि १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली. इतका इतिहास पुष्कळांस ठाऊक असतो. १९२८ मध्ये याच वास्तूत आरंभलेल्या दुसऱ्या एका संशोधनाची मात्र आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही.

त्या काळी मुंबईच्या गरीब वस्त्यांत, विशेषतः कापडगिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांत, गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग जडत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, परंतु आकाराने अवाजवी मोठ्या होत. कित्येक स्त्रिया त्यातच दगावत. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सूचनेवरून डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज स्त्री मुंबईत आली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून पुढे वैद्यक पत्करलेली ही विदुषी तेव्हा चाळिशीची होती.

दोष एखाद्या जंतूचा असावा, अशी शंका प्रथम घेतली गेली. तीत तथ्य आढळले नाही. तेव्हा बाईंनी रुग्णांच्या ताटाकडे लक्ष वळविले. पवित्र मरिया अलीशिबेच्या घरी सुमारे तीन महिने राहिली असे संत लूक सांगतो, पण त्या घरी गर्भवतीला काय वाढले जाई हे काही तो सांगत नाही. ल्यूसी विल्स यांनी नेमके तेच विचारले. निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांचा आहार ताडून पाहता असे दिसले की, ज्यांचे अन्न सर्वांत निकस, त्या गरीब मुसलमान स्त्रियांतच हा रोग सर्वाधिक होता.

तोच आहार मग पांढऱ्या उंदरांना देण्यात आला. उंदीर फिकटले, यीस्ट दिल्यावर सुधारले. शोध लागला असे वाटले, तोच उंदरांच्या अंगावरील उवांनी घात केला. त्यांच्यामार्फत पसरणारा एक जंतूही रक्तक्षय घडवितो असे आढळले आणि सारे निष्कर्ष संशयास्पद ठरले. बाईंनी उंदीर सोडून माकडांवर प्रयोग आरंभिले. माकडे मार्माइटने बरी झाली. मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क, इंग्रजांच्या न्याहारीत पावाला फासण्याचा खारट काळा पदार्थ! तो स्वस्तही होता. गर्भवतींना तो देताच काही दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

एका बाबतीत त्यांची दृष्टी फार सूक्ष्म होती. दुसऱ्या एका घातक पंडुरोगावर यकृताचा उपचार शोधल्याबद्दल १९३४ चे नोबेल पारितोषिक तिघा अमेरिकन वैद्यांना मिळाले. त्या रोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या गर्भवतींना मात्र लागू पडत नसे. कच्चा अर्क पडत असे. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निसटत होते. त्या अज्ञात द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक आम्ल वेगळे केले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटले. १९४५ पर्यंत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी.

ल्यूसी विल्स १९६४ मध्ये वारल्या. १९९१ मध्ये सात देशांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. ज्यांच्या आधीच्या अपत्याच्या मज्जारज्जूत वा मेंदूत जन्मजात व्यंग होते, अशा मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास त्या व्यंगाची पुनरावृत्ती सुमारे तीन चतुर्थांशाने टळते, असे सिद्ध झाले. लाभ इतका उघड दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. ‘गर्भधारणेपूर्वीपासून’ हा शब्द येथे महत्त्वाचा. कारण ज्या नलिकेतून मज्जारज्जू घडतो, ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, आणि तोवर आपण आई होणार आहोत हे पुष्कळ स्त्रियांना कळलेलेही नसते.