एनआयडी टेप्स : भारतातील आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचे संकलन

‘द एनआयडी टेप्स : इलेक्ट्रॉनिक म्युझिक फ्रॉम इंडिया १९६९-१९७२’ हा अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ध्वनिमुद्रित झालेल्या रचनांचा संकलन-अल्बम होय. ब्रिटिश कलावंत व संगीतकार पॉल पर्गस यांनी संकलित केलेला हा अल्बम २०२३ मध्ये प्रकाशित झाला.

अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये या संस्थेत मूग सिंथेसायझर व टेपयंत्रे असलेला स्टुडिओ उभारला. यामागे साराभाई कुटुंबाचा पुढाकार होता. गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिले होते व त्यांच्याकडून पाश्चात्य आधुनिक संगीत समजून घेतले होते. केज व ट्यूडर १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेसह अहमदाबादेत आले, तेही याच स्नेहातून.

संकलनात ट्यूडर व गीता साराभाई यांच्यासह आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांच्या रचना आहेत. त्या काळच्या मूगवर एका वेळी एकच स्वर निघत असे. त्यामुळे ध्वनींचे थर टेपवरच रचावे लागत. माथुर यांच्या एका रचनेच्या शीर्षकातच तानपुरा आहे. देसाई यांचे ध्वनिमुद्रण ओसाका येथील १९७० च्या जागतिक प्रदर्शनासाठीचे आहे, तर शर्मा यांनी ‘आफ्टर द वॉर’ रचली. दीर्घ गुंजन, तालाचा अभाव, धूसर व अस्वस्थ करणारा नाद ही यांतील काही रचनांची लक्षणे पुढे ‘डार्क अँबियंट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकाराशी जुळतात. मात्र या संगीताला ते नाव देणे कालविपर्यासाचे ठरेल. ब्रायन इनो यांनी ‘अँबियंट’ ही संज्ञा रूढ केली ती १९७८ मध्ये.

या फिती अनेक दशके संस्थेच्या संग्रहात विस्मृतीत पडून होत्या. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी लखनऊत १९२६ मध्ये संगीत महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा बंदिशी स्वरलिपीत बांधून टिकविण्याचा मार्ग रुळू लागला होता. मूगवरील रचनांना असा आधार नाही. येथे फीत हीच रचना. चुंबकीय थर झिजला की मूळ कृतीच नाहीशी होते, आणि ती पुन्हा वाजवून दाखविणारा शिष्यही नसतो.

पर्गस यांनी २०२० मध्ये बीबीसी रेडिओ ३ वर या स्टुडिओविषयी माहितीपट सादर केला. ‘सबकॉन्टिनेंटल सिंथेसिस’ हा त्यांनी संपादित केलेला ग्रंथही याच इतिहासावर आहे.